पुचाट लाटांसाठी ९ फुटी फळी, दीड वर्ष वापरून

फळी घरी आली त्या संध्याकाळी वॉचमनकाकांनी एकच प्रश्न विचारला, "साहेब, नवीन दरवाजा का?" ९ फूट लांब, ३१ इंच रुंद आणि फुग्याफुग्याच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वस्तू म्हणजे दुसरं काय असणार! लिफ्टमध्ये मावेना म्हणून मी आणि मेव्हणा जिन्याने निघालो, आणि पहिल्याच वळणावर तिचं शेपूट खालच्या काकूंच्या तुळशीच्या कुंडीवर आदळलं. कुंडी वाचली, फळीचा रुपयाएवढा टवका उडाला. आमचा समुद्र बघायच्या आधी कोथरूडमध्येच जखमी. त्या टवक्याची गोष्ट पुढे येईलच.

ही स्टँड-अप पॅडलबोर्ड आहे, म्हणजे जिच्यावर उभं राहून लांब वल्ह्याने वल्हवत लाटेवर जायचं ती. माझं वय ४७, वजन ८२ किलो, डावा गुडघा कुरकुरणारा. नेहमीच्या सर्फिंगमध्ये पोटावरून टुणकन उठून उभं राहावं लागतं, ते आता या जन्मी नाही. इथे आधीपासून उभेच असतो, एवढ्यावरच मी या प्रकाराच्या प्रेमात पडलो.

आता लाटांचं. पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव-म्हसळ्यावरून मी दिवेआगरला जातो, साधारण १६० किलोमीटर. पावसाळ्यात तिथला समुद्र माझ्यासारख्याने लांबून बघायचा असतो. दिवाळीनंतर मात्र तो इतका गरीब होतो की लाटा गुडघ्यापासून फार तर कमरेपर्यंत येतात. किनारा सपाट, उतार जवळजवळ नाही, त्यामुळे लाट धाडकन कोसळतच नाही. माथ्यावर जरा फेस धरते आणि तो फेस उतू जाणाऱ्या दुधासारखा पुढच्या अंगाने ओघळत राहतो. मधेच दम सोडते, पुन्हा उठल्यासारखं करते, पुन्हा बसते. माझा मेव्हणा याला पुचाट लाटा म्हणतो. शब्द चपखल आहे, आणि फळी घ्यायची ती याच लाटांसाठी, इंटरनेटवरच्या हवाईच्या व्हिडिओंसाठी नाही. मला हे कळायला दोन फळ्या गेल्या.

पहिली हवेची होती. साडेदहा फूट लांब, सहा इंच जाड, गुंडाळून पाठीवर घेता येणारी. पुण्यातल्या माणसाला हिच्याइतकी सोयीची वस्तू नाही: गाडीच्या डिकीत मावते, घरात लॉफ्टवर जाते, मुळशीच्या पाण्यावर सकाळी तास-दीड तास फिरायला झकास. भरायची १५ पीएसआयपर्यंत. आकडा गाडीच्या टायरच्या निम्मासुद्धा नाही, पण हातपंपाने शेवटचे पाच पीएसआय भरताना माणूस स्वतःच्या निर्णयांचा फेरविचार करतो. लाटेवर मात्र ही फळी म्हणजे गादी. लाटेने मागून उचललं की मधोमध किंचित वाकते आणि लाटेने दिलेला सगळा जोर त्या वाकण्यात जिरतो. कडा गोल नळीसारख्या, त्या पाण्यात रुतत नाहीत. त्यामुळे फळी लाटेला आडवी धरायला गेलं की घसरून निघते. फेसात सरळ किनाऱ्याकडे यायचं असेल तर मजा येते, त्यापुढे काही नाही.

दुसरी मला एका विक्रेत्याने फोनवर विकली. माझं वजन विचारलं आणि म्हणाला, "सर, १५० लिटर आहे, डोळे झाकून घ्या." हे लिटर म्हणजे फळीचं आकारमान, त्यावरून ती किती वजन तरंगवेल ते कळतं. मी खरंच डोळे झाकून घेतली. त्याचा हिशोब तसा चुकीचा नव्हता. माझे ८२, फळीचे नऊएक, वल्हं आणि भिजलेले कपडे धरून ९३-९४ किलो. गोड्या पाण्यात तेवढेच लिटर बुडणार, समुद्रात खाऱ्यामुळे दोनेक कमी. म्हणजे तरंगायला १५० लिटर रग्गड. पण तरंगणं वेगळं आणि लाट पकडणं वेगळं. ती फळी साडेनऊ फुटी, शेपटाकडे निमुळती, आणि पुढून-मागून कोल्हापुरी चपलेच्या जुन्या जोडासारखी वर वळलेली. असे लिटर सगळे मधल्या पोटात साठलेले असतात. लाट येते ती शेपटाखाली, आणि तिथे तिला धरायला काही नसतं. मी जिवाच्या आकांताने वल्हवायचो आणि लाट खालून निघून जायची, थांब्यावर न थांबणाऱ्या बससारखी. दोन खेपांनंतर तोटा सोसून विकली. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "सर, प्रॅक्टिस लागते." लागतेच, पण ते पैसे देण्याआधी सांगायचं असतं.

तेव्हा तिसऱ्या वेळी मी लिटर शेवटी विचारले. आधी विचारलं, शेपटापासून एक फूट अलीकडे रुंदी किती? सर्फिंगवाले शेपटाची रुंदी तिथेच मोजतात. माझ्या विकलेल्या फळीची १५ इंच होती, हिची २० भरली. दुसरं विचारलं, जमिनीवर ठेवली तर मधला भाग किती लांबपर्यंत सपाट टेकतो? विकणाऱ्या पोराने (गोव्यात राहणारा, स्वतः लाटांवर जाणारा, परत थंडीच्या देशात निघालेला) व्हिडिओ कॉलवर फळी फरशीवर ठेवून खालून फूटपट्टी सरकवून दाखवली. असा विक्रेता भेटला तर दोन हजार जास्त द्यावेत. मी दिले नाहीत, पण द्यावेत. वापरलेली ४२ हजारांत आणि टेम्पोचं भाडं वेगळं. नवी घेतली असती तर दुपटीच्या वर गेली असती.

रुंद शेपटाने आणि सपाट तळाने नेमकं काय होतं, ते सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. लाट साधारण स्वतःच्या उंचीच्या सव्वापट खोल पाण्यात फुटते. दोन फुटांची लाट फुटते ती अडीच फुटांत, म्हणजे मांडीएवढ्या पाण्यात, आणि तिथे तिचा वेग असतो ताशी दहा किलोमीटरच्या आसपास. फळीला तो वेग गाठायचा असतो. उभी, पोकळ लाट असली की उतारच फळीला खाली ढकलतो, तुम्ही फक्त पडायचं नाही. पुचाट लाटेला उतारच नसतो. मग फळीने स्वतःच पाण्यावर चढून घसरायला लागायला हवं. वळलेली फळी पाणी नांगरत जाते, सपाट फळी पाण्यावरून सरकते. आणि मी मागे उभा असल्याने मागचा भाग रुंद असला तर माझं वजन तिथे बुडत नाही, उचललं जातं. मधेच लाटेचा दम जातो तेव्हाही फळी थोडा वेळ आपल्या जिवावर पुढे जात राहते, पुढचा चढ येईपर्यंत.

जानेवारीतल्या एका सकाळी हे पहिल्यांदा पायांना कळलं. लाट गुडघ्याच्या थोडी वर, कुणी मान वळवून बघणार नाही अशी. तीन वल्ही मारली, चौथं मारता मारता शेपूट उचललं गेलं आणि तळाचा आवाज बदलला. आधी चुबुक-चुबुक चाललेलं असतं, ते थांबून कापड फाडल्यासारखा सलग सर्र आवाज सुरू झाला. उजव्या टाचेवर भार दिला, फळी आडवी झाली, मधे लाट मेली, मी गुडघे वाकवून गप्प उभा राहिलो, आणि फळी सरकत जाऊन पुढच्या फुगवट्याला लागली. किनाऱ्यावर बैलगाडीत बसलेल्या एका आजोबांनी टाळी वाजवली. एकच. दुसऱ्या लाटेला मी पडलो.

आता दोष. लाट जरा उभी झाली, कमरेच्या वर गेली की हिचं सपाट नाक पाण्यात घुसतं आणि माणूस वल्ह्यासकट पुढे फेकला जातो. मागे सरकून उभं राहावं लागतं, ते दर वेळी सुचत नाही. रुंद शेपूट वळायला आळशी आहे: एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायला तिला आमच्या सोसायटीच्या कमिटीइतका वेळ लागतो. आणि वाऱ्यात ३१ इंच म्हणजे शीडच. सकाळी जमिनीकडून येणारे मतलई वारे असतात तोवर ठीक. अकराच्या पुढे खारे वारे सुटले की पाण्यावर खडबड उठते आणि उभं राहणंच काम होऊन बसतं.

पात्यांबद्दल थोडं, म्हणजे फळीच्या तळाला माशाच्या परासारखी लावतात त्या फिन्सबद्दल. खाली त्यांच्यासाठी पाच खाचा आहेत. मूळ मालक मधे नऊ इंची मोठं पातं आणि बाजूला दोन छोटी लावायचा. सरळ वल्हवायला ते छान, पण मांडीभर पाण्यात नऊ इंची पातं वाळूत घासतं. एकदा असं अडकलं की मी थांबलोच नाही, एकटाच पुढे गेलो. आता मधलं काढून चार छोटी लावतो. घर्षण कमी, वेग जास्त, नाक थोडं भरकटतं. एवढ्या उथळ पाण्यात पडायचं तर सपाट पडायचं, डोक्यावर नाही. आणि घोट्याची दोरी विसरायची नाही. आपल्यामागे पोरं पोहत असतात आणि ही नऊ किलोची फळी आहे.

टवक्याकडे येतो. आत थर्माकोल असतो, वरून फायबरग्लास आणि इपॉक्सीचं कवच. मी फळी एका फायबरकाम करणाऱ्याकडे नेली. गाड्यांचे बंपर सुरेख करतो. त्याने नेहमीचा पॉलिस्टर रेझिनचा डबा उघडला, वास आला, आणि मला थर्माकोलबंदीच्या आधीचं आमचं गणपतीचं मखर आठवलं. चांदीरंगाचा स्प्रे मारला आणि कमानीला भोकं पडली होती ती. पॉलिस्टर रेझिनमधलं स्टायरिन थर्माकोलला तेच करतं, खाऊन टाकतं. "दादा, थांबा," म्हटलं. तो म्हणाला, "साहेब, वीस वर्षं हेच लावतोय." थर्माकोलचा एक तुकडा मागवून त्यावर थेंब टाकून दाखवला तेव्हा कुठे पटलं. मग इपॉक्सी आणून घरीच गॅलरीत भरलं. दिसतं ओबडधोबड, पण पाणी आत जात नाही.

पाणी आत गेलं ते वेगळ्याच वाटेने, आणि त्यात दोष पूर्ण माझा. वरच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, हवा जायला-यायला. उन्हात किंवा घाट चढता-उतरताना आतली हवा फुगते-आवळते, म्हणून प्रवासात तो सैल ठेवायचा. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहे, तेव्हा हे आपल्याला लागू. पाण्यात जाण्याआधी घट्ट करायचा. पहिल्याच खेपेला मी तो सैलच ठेवून तासभर पाण्यात होतो. नंतर फळी उभी करून ठेवली तर त्या भोकातून रात्रभर टिपटिप. आता गाडीच्या किल्लीला स्क्रूची चावी अडकवली आहे. ती हातात आल्याशिवाय गाडी बंद करता येत नाही.

टपावर बांधताना पट्ट्याला एक पीळ द्या. सपाट पट्टा वाऱ्याला भुणभुणतो, आणि ताम्हिणीत तासभर ते ऐकलं की घरचे पुढच्या वेळी येत नाहीत.

वेळ साधायला मी ॲप वापरायचो. मुक्कामाच्या घरच्या काकूंनी सोपं सांगितलं: तिथीचे पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. इकडेतिकडे थोडं होतं, पण ॲपशी ताडून पाहिलं, बसतं. मला सकाळी वाऱ्याआधी चढतं पाणी हवं असतं, म्हणून दशमी-एकादशी धरून रजा टाकतो. तेव्हा भांगाची भरती असते, पाण्याची उचल कमी, त्यामुळे लाटांची जागा फार पळत नाही. काकूंना वाटतं मी एकादशीला मुद्दाम येतो, साबुदाण्याच्या खिचडीसाठी. तेही खोटं नाही.

कुणी घ्यावी? ७५ ते ९० किलोचा माणूस, ज्याला आपल्या सपाट किनाऱ्यांवर लहान लाटा पकडायच्या आहेत आणि ज्याच्या घरी जिना सरळ आहे. पहिलीच फळी असेल तर दोन इंच जास्त रुंद घ्या. नुसतं मुळशी-पवनेला फिरायचं असेल तर हवेचीच बरी, हिच्या वाटेला जाऊ नका.

वल्हं मात्र मी चुकीचं घेतलं. लांबी कमी-जास्त होणारं ॲल्युमिनियमचं, म्हटलं घरातल्या सगळ्यांना चालेल. लाटांसाठी ते उंचीपेक्षा चार-सहा इंचच जास्त ठेवतात, त्यामुळे एकदा ठरवल्यावर मी ते हलवलंच नाही, आणि चिमट्यात वाळू बसून आता ते हलतही नाही. परवा बादलीत गरम पाणी घालून बुडवून ठेवलंय. बायको म्हणते ती बादली आंघोळीची आहे.