भोसरीतला व्हीएमसी प्रोग्रॅमिंगचा क्लास: ३ महिने करून मग लिहितोय

व्हीएमसी म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारं धातू कापायचं मशीन. आधी जायचं कसं ते. मेट्रोच्या ज्या स्टेशनचं नाव आधी भोसरी होतं तिथे उतरू नका, ते नाशिक फाट्याला आहे, तिथून एमआयडीसीत यायला परत रिक्षा, आणि रिक्षावाला मागेल ते. मी पहिल्याच दिवशी फसलो.

मी मेकॅनिकल बीई, एकही केटी (राहिलेला विषय) नाही. पहिल्या इंटरव्ह्यूला साहेबांनी हातात मायक्रोमीटर (बारीक मापं घ्यायचं साधन) दिला तर मी तो नळ बंद करतात तसा पिळला. साहेब काही बोलले नाहीत, फक्त मायक्रोमीटर परत घेतला. म्हणून हा क्लास.

फी २४ हजार, बॅचला ८ जण, मशीन २. पहिला आठवडा मशीनला हातच लावू देत नाहीत, नुसतं ड्रॉइंग वाचा आणि मोजा, मला वाटलं गेले पैसे. शेजारी मंचरचा आयटीआयवाला पोरगा होता, तो म्हणाला, "दादा, पिळू नका, मागचं रॅचेट, ती छोटी मूठ, फिरवा, टकटक वाजलं की थांबा." आता कॉलेजात मेट्रॉलॉजीचं (मोजमापाच्या विषयाचं) जर्नल मी पण पूर्ण केलेलं ना, रीडिंगसकट, सीनियरच्या जर्नलवरून. ड्रॉइंगच्या शीटा तर काचेखाली बल्ब लावून जीटी मारलेल्या, म्हणजे दुसऱ्याची शीट खाली ठेवून गिरवलेल्या, सगळ्यांवर सही आहे.

दुसऱ्या महिन्यात प्रोग्रॅम लिहिताना एक्स ५० च्या पुढे पॉइंट (दशांशाचा) टाकायचा राहिला. इथल्या फानुकचं (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचं) सेटिंग असं की पॉइंट नसला की ते ५० मायक्रॉन धरतं, ५० मिमी नाही, मग टूल हललं न हललं तिथेच थांबलं आणि मी येड्यासारखा बघत बसलो. सर हसले नाहीत, म्हणाले स्क्रीन वाच. अर्धा तास लागला पण आता जन्मात विसरणार नाही.

इंजिनिअरिंगचा सिलॅबस बदला म्हणून सगळे ओरडतात, पण सीएनसी (प्रोग्रॅमवर चालणारी मशीन) आमच्या सिलॅबसमध्ये होतंच की! मशीनपण होतं, कव्हर घालून ठेवलेलं, २० पोरं लांबून बघणार. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर इंटर्नशिपला क्रेडिट मिळतात, १ क्रेडिटला ३० तास, चांगलंय, पण तासांचीपण जीटी मारता येते, आमच्यातल्या कितीजणांनी काकांच्या कंपनीचं सर्टिफिकेट आणलं ते मला माहितीये. त्यापेक्षा पोराने स्वतः मशीनवर किती जॉब (पार्ट) काढले आणि त्यातले किती रिजेक्ट झाले ते विचारा ना वायवाला. अप्रेंटिसच्या १९६१ च्या कायद्यात १९७३ पासून इंजिनिअरिंग पदवीधरपण बसतात, हे मला क्लासच्या सरांनी सांगितलं, कॉलेजच्या प्लेसमेंट सेलने नाही.

बीई अगदीच वाया गेलं असंही नाही. कटर किती वेगात फिरवायचं आणि पुढे सरकवायचं ते सर स्पीड-फीड चार्ट बघून सांगतात, वेगळ्या डायाचं (व्यासाचं) कटर आलं की अडतात, तिथे मी आरपीएम (मिनिटाला फेरे) काढून देतो, बाकीची पोरं मलाच विचारायला लागली.

तक्रारी आहेत. बाहेर बोर्डवर १०० टक्के जॉबची गॅरंटी लिहिलंय, ती म्हणजे कॉन्ट्रॅक्टवर ऑपरेटर, १२ तासांची शिफ्ट, आणि हे फी भरल्यावर कळतं. सिम्युलेटरचे पीसी हँग होतात, ८ जणांत ५ च चालू. पाणी घरून न्या.

५ पैकी साडेतीन. सकाळी ७ ची बॅच घ्या, संध्याकाळी मशीनवर त्यांचं बाहेरचं जॉबवर्क चालू असतं मग आपला नंबरच लागत नाही. आणि सेफ्टी शूज स्वतःचे आणा, चपलेवर आत सोडत नाहीत.