नाणे गायब करायला शिकताना: फ्रेंच ड्रॉप, रिटेन्शन की क्लासिक पाम?

समोर दोन-तीन हातांवर बसलेल्या माणसांना एक नाणे नाहीसे करून दाखवायचे, एवढीच ज्याची सध्याची इच्छा आहे, त्याला हातचलाखीच्या तीन पद्धतींमधून निवड करावी लागते. फ्रेंच ड्रॉप सर्वांत आधी शिकवला जातो. रिटेन्शन व्हॅनिशचे जाणकार सर्वाधिक कौतुक करतात. क्लासिक पाम ही खरे तर नाणे तळहातात लपवून धरण्याची पकड आहे आणि तिच्या आधारानेही नाणे गायब करता येते. तिन्हींचा गाभा सारखाच आहे. नाणे एका हातातून दुसऱ्या हातात गेले असे प्रेक्षकाला वाटते, प्रत्यक्षात ते पहिल्याच हातात राहते. फरक पडतो तो तीन बाबतींत: सुरुवातीला नाणे कसे धरले आहे, ते नेमके कोणत्या क्षणी मागे राहते, आणि लपवलेले नाणे घेऊन तो हात पुढे किती मोकळेपणाने वावरू शकतो.

फ्रेंच ड्रॉपमध्ये डाव्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटे यांच्या टोकांवर नाणे कडेने, आडवे धरलेले असते. उजवा हात ते घ्यायला येतो. त्याचा अंगठा नाण्याच्या खालून, डाव्या हाताच्या अंगठा-बोटांनी झालेल्या कड्यात शिरतो आणि बाकीची बोटे पुढून नाणे झाकतात. झाकले जाताच डावा अंगठा किंचित सैल होतो, नाणे डाव्या बोटांच्या मुळाशी घरंगळते, आणि उजवी मूठ काहीतरी धरल्यासारखी मिटून बाजूला जाते. ही कृती एका दुपारीत समजते आणि आठवडाभरात लहान मुलांपुढे करण्याजोगी होते. नाणे स्वतःच्या वजनानेच पडत असल्यामुळे बोटांना फारसे कष्ट पडत नाहीत, शिवाय छोट्या हातांनाही ती जमते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला शिकायचे असेल तर मी विचार न करता हीच पद्धत सुचवेन.

प्रौढ माणसासाठी मात्र माझे मत वेगळे आहे. रिक्षावाल्याला किंवा दुकानदाराला सुटे पैसे देताना कोणीही नाणे असे आडवे, बोटांच्या टोकांवर तोलून धरत नाही. पकड दिसताक्षणीच आता काहीतरी होणार याची जाणीव प्रेक्षकाला होते. त्यातच ही युक्ती बहुतेकांनी शाळेच्या वयात कोणा काका-मामाकडून पाहिलेली असते, त्यामुळे उजवी मूठ उघडण्याआधीच कोणीतरी डाव्या हाताकडे बोट दाखवतो. दुसरी अडचण डाव्या हाताचीच आहे. नाणे पडल्यानंतर तो जागच्या जागी अर्धवट वळलेला, ताठ राहतो आणि नवशिक्याचा हात तिथेच पकडला जातो. या दोन्ही उणिवा सरावाने कमी होतात हे खरे आहे, कारण उत्तम जादूगारांच्या हातात हाच ड्रॉप आजही फसवतो. पण तेवढा सराव करायचाच असेल तर तो दुसऱ्या पद्धतीवर खर्च करणे मला अधिक योग्य वाटते.

ती पद्धत म्हणजे रिटेन्शन. येथे नाणे उजव्या हाताच्या अंगठा आणि बोटांच्या टोकांत उभे धरलेले असते, त्याचा चकचकीत चेहरा प्रेक्षकाकडे असतो, आणि ते उघड्या डाव्या तळहातावर ठेवले जाते. डावी बोटे एकेक करून त्यावर मिटू लागतात. बोटांच्या आडोशाने नाणे झाकले जात असतानाच उजवा अंगठा ते मागे खेचून उजव्या बोटांच्या मागे नेतो, आणि मोकळी दिसणारी उजवी बोटे डाव्या मुठीतून बाहेर येतात. नाण्याची चमक डाव्या तळहातावर शेवटच्या क्षणापर्यंत दिसते, त्यामुळे आपण नाणे मुठीत जाताना डोळ्यांनी पाहिले अशी प्रेक्षकाची खात्री होते. फ्रेंच ड्रॉपमध्ये प्रेक्षक नाणे गेले असावे असे गृहीत धरतो, येथे तो ते पाहिल्याची ग्वाही देतो, आणि माझ्या लेखी निर्णय इथेच होतो. या खात्रीची किंमत वेळेत मोजावी लागते. डाव्या बोटांचे मिटणे आणि उजव्या अंगठ्याचे खेचणे यांचा मेळ क्षणभर जरी चुकला तरी नाणे मागे सरकताना दिसते, आणि हा मेळ बसायला काही महिने सहज लागतात.

तेवढा काळ हात रिकामे ठेवण्याची मात्र गरज नाही. रिटेन्शनचेच साधे रूप आधी शिकता येते. उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांच्या मुळाशी नाणे पडून राहील असे धरायचे, हात डाव्या तळहातावर पालथा घालून नाणे ओतल्याचा आव आणायचा, आणि बोटे किंचित वळवून ते तसेच मागे ठेवायचे. या पकडीला फिंगर पाम म्हणतात. येथे चमक दिसत नाही, पण हालचाल रोजच्या व्यवहारातील आहे, हात नैसर्गिक दिसतो, आणि पुढे रिटेन्शनकडे जाताना नाणे टाकण्याचे वळण नव्याने शिकावे लागत नाही. फ्रेंच ड्रॉप शिकलेल्याला मात्र रिटेन्शनसाठी सर्व पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

प्रेक्षक कुठे बसतात याचाही विचार आधीच करावा. फ्रेंच ड्रॉपमध्ये नाणे डाव्या हातात राहते आणि त्या हाताचा तळवा उजवीकडे वळलेला असतो, त्यामुळे जादूगाराच्या अगदी उजव्या टोकाला बसलेल्याला ते दिसू शकते. रिटेन्शनमध्ये नेमके उलट होते, धोका डाव्या टोकाकडून असतो. आपल्याकडे घरगुती कार्यक्रमात माणसे खुर्च्यांच्या सरळ रांगेत बसत नाहीत. हॉलमध्ये गोल बसकण असते, एखादा भाचा मागून खांद्यावर रेलतो, आणि लहान मुले जमिनीवरून, म्हणजे खालून पाहतात. अशा बैठकीत रिटेन्शन सर्वांत आधी उघडे पडते. भिंतीला पाठ लावून उभे राहणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. फिंगर पाममध्ये हात सैल सोडून मांडीशेजारी नेता येतो, त्यामुळे चारही बाजूंनी माणसे असतील तेव्हा तोच अधिक निर्धास्त ठरतो.

क्लासिक पामबद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण एकच प्रयोग करू इच्छिणाऱ्याला त्याची गरज नाही. अंगठ्याखालचा उंचवटा आणि करंगळीकडचा मांसल भाग यांच्या हलक्या दाबाने नाणे तळव्याच्या मध्यावर अडकून राहते आणि पाचही बोटे पूर्ण मोकळी राहतात. त्याच हाताने पेन उचलता येते, चहाचा कप धरता येतो. हवेतून एकामागून एक नाणी काढून टोपीत टाकण्याचा ‘मायझर्स ड्रीम’ हा प्रयोग करून अमेरिकेचे टी. नेल्सन डाउन्स एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘किंग ऑफ कॉइन्स’ म्हणून गाजले. असे काही पुढे करण्याची हौस असेल तर क्लासिक पामला आजपासूनच सुरुवात करावी. मात्र ही सवय महिन्यांत नव्हे, वर्षांत मुरते. टीव्ही पाहताना, फोनवर बोलताना नाणे तळव्यात बाळगत राहावे, आणि तोवर प्रयोगासाठी दुसरी पद्धत वापरावी.

कोणतीही पद्धत निवडली तरी नजरेला पर्याय नाही. २००६ साली गुस्ताव्ह कुह्न आणि मायकेल लँड या संशोधकांनी चेंडू हवेत नाहीसा होण्याच्या युक्तीवर एक शास्त्रीय प्रयोग केला. जादूगार चेंडू दोनदा खरोखर वर फेकतो आणि तिसऱ्यांदा हातातच ठेवून फेकल्याचा आव आणतो. तिसऱ्या वेळी त्याची नजर वर गेली तेव्हा सुमारे दोन तृतीयांश प्रेक्षकांना चेंडू वर गेलेला ‘दिसला’. नजर चेंडू लपवलेल्या हातावर राहिली तेव्हा हे प्रमाण सुमारे एक तृतीयांशावर आले. नाण्यालाही हेच लागू आहे. रिकाम्या मुठीकडे बघावे, नाण्याच्या हाताकडे नाही. फ्रेंच ड्रॉप करणारे बहुतेक नवशिके इथेच अडखळतात, कारण नाणे पडले की नाही हे तपासण्याचा मोह डोळ्यांना आवरत नाही. आरशापुढे सराव करणाऱ्याला आणखी एक खोड लागते, ती म्हणजे नेमक्या त्या क्षणी पापणी मिटण्याची. स्वतःच्या डोळ्यांपासूनच ती चोरी लपते, म्हणून आरसा फार तर पहिले काही दिवस ठेवावा आणि नंतर मोबाईल समोर उभा करून चित्रण पाहावे. आधी नाणे खरोखर दुसऱ्या हातात देतानाचे आणि मग खोटे देतानाचे, अशी दोन्ही चित्रणे लागोपाठ पाहिली की फरक कुठे आहे ते कोणी सांगावे लागत नाही.

राहता राहिला नाण्याचा प्रश्न. शिकवणाऱ्या बहुतेक व्हिडिओंत अमेरिकेचा हाफ डॉलर असतो, आणि तो ३०.६ मिमी व्यासाचा, ११.३४ ग्रॅम वजनाचा असतो. ते पाहून २३ मिमीच्या पाच रुपयांवर सराव सुरू केला की रिटेन्शनमध्ये चमक पुरेशी दिसत नाही आणि क्लासिक पाममध्ये नाणे निसटते, मग दोष हाताला दिला जातो. चालू नाण्यांपैकी २७ मिमीचे दहा रुपयांचे नाणे तिन्ही पद्धतींसाठी सोयीचे आहे. त्याच मापाचे वीस रुपयांचे नाणे थोडे जड, ८.५४ ग्रॅमचे आहे, त्यामुळे फ्रेंच ड्रॉपमध्ये ते छान पडते. पण त्याचे बारा कोन अंगठ्याने मागे खेचताना बोटांना अडतात. क्लासिक पामच्या मागे लागणाऱ्याने जुन्या नाण्यांच्या विक्रेत्याकडे १९७५ ते १९८२ च्या दरम्यानचा २८ मिमीचा रुपया मागावा. निवड कोणत्याही नाण्याची करा, पण एकसारखी दोन घ्या, कारण गायब झालेले नाणे प्रेक्षकाच्या खिशातून काढण्याची हौस पुढच्याच आठवड्यात येते.