रात्रीचा दशावतार टिपायला कोणता कॅमेरा घ्यावा?

कार्तिकात सिंधुदुर्गातल्या जत्रा सुरू झाल्या की देवळासमोर रात्र रात्र दशावतार रंगतो. तो चांगला टिपून ठेवायची इच्छा असेल तर माझं पहिलं सांगणं हेच, की निम्मं बजेट लेन्ससाठी बाजूला काढा आणि उरलेल्यात कॅमेरा बसवा.

मी पहिल्यांदा नुसती कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स घेऊन बसलो होतो. दशावतारातला राक्षस संकासुर आला. अंगभर काळा वेश, तोंडावर काळा बुरखा, लोंबणारी लाल जीभ, मागे गडद अंधार. झूम केल्यावर लेन्स एफ/५.६ वर गेली (एफचा आकडा मोठा, तितका आत येणारा प्रकाश कमी) आणि कॅमेऱ्याने आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, इतका चढवला की काळ्या कापडावर नुसते ठिपके नाचत होते, घडी एकही दिसेना. तिथेच एफ/१.८ ची लेन्स असती तर जवळपास दहापट प्रकाश आत आला असता. कॅमेरा बदलून एवढा फरक पडत नाही.

कमी बजेटमध्ये प्रश्न बहुतेक वेळा सोनी झेडव्ही-ई१० (२०२१) की कॅनन आर५० (२०२३), असा येतो. दोन्हींचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) एपीएस-सी, म्हणजे ३५ एमएम फिल्मएवढ्या फुल-फ्रेमपेक्षा लहान, दोन्ही २४ मेगापिक्सेल, आणि अंधारातल्या नॉइजमध्ये, म्हणजे त्या ठिपक्यांमध्ये, मला तरी निवड ठरावी एवढं अंतर दिसत नाही. सेन्सर स्थिर ठेवणारी यंत्रणा दोघांतही नाही, तेव्हा ट्रायपॉड हवाच. हाताळायला आर५० सोपा. त्याला डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर आहे, झेडव्ही-ई१० ला नाही. आर५० चा ४के व्हिडिओ (फुल एचडीच्या चौपट पिक्सेल) सेकंदाला ३० फ्रेमलाही सेन्सरच्या पूर्ण रुंदीचा असतो. सोनीत कॅमेरा झर्रकन फिरवला तर देवळाचे खांब तिरके होतात.

तरीही जत्रेसाठी मी सोनीच घेईन. एक कारण लेन्स. सिग्माच्या १६, ३० आणि ५६ एमएम एफ/१.४ या लेन्स सोनीसाठी २०१८ पर्यंतच येऊन गेल्या होत्या, त्यामुळे वापरलेल्याही शोधता येतात. कॅननच्या आरएफ माउंटसाठी (लेन्स जिथे बसते ती जोडणी) सिग्माच्या लेन्स २०२४ पासून मिळू लागल्या. दुसरं कारण वेळेचं. आर५० एका दमात एक तासच रेकॉर्ड करतो, आणि आख्यान तासात आटोपत नाही. नेमका युद्धाचा प्रवेश चालू असताना रेकॉर्डिंग थांबलं तर ते परत कुठून आणणार? झेडव्ही-ई१० वर अशी मर्यादा नाही. त्याची बॅटरी मात्र लहान आहे, पण यूएसबीला पॉवर बँक लावून चालतं.

सोनी घेतलात तर मेन्यूत व्हिडिओची पद्धत एनटीएससी बदलून पाल करा, सेकंदाला २५ फ्रेम ठेवा आणि शटर १/५० सेकंदाला बांधा. आपली वीज ५० हर्ट्झची. ३० फ्रेम आणि १/६० वर ठेवलंत तर स्टेजवरच्या दिव्यांमुळे चित्रावर काळसर पट्टे सरकत राहतात. शिवाय ४के ३० फ्रेमला हा कॅमेरा कडा १.२३ पट कापतो, २५ ला कापत नाही. एकाच बदलात दोन्ही कटकटी जातात.

मायक्रो फोर थर्ड्सचे जुने पॅनासॉनिक स्वस्त असतात, पण त्यांच्या सेन्सरचं क्षेत्रफळ फुल-फ्रेमच्या साधारण पावपट. या कामासाठी मी ते घेणार नाही.

वापरलेला सोनी ए७एस (२०१४) मिळाला तर मोह होईलच. फुल-फ्रेमवर फक्त १२ मेगापिक्सेल, त्यामुळे अंधारात तो आजही या दोघांच्या पुढे आहे. संकासुराच्या वेशाच्या घड्या त्यात दिसतील. पण कॅमेऱ्याच्या आत तो फक्त फुल एचडी रेकॉर्ड करतो, ४के साठी बाहेरून रेकॉर्डर लावावा लागतो. ऑटोफोकस अंधारात चाचपडतो, आणि क्लिप अर्ध्या तासाच्या आत बंद पडते. एका जागी बसून हाताने फोकस ओढायची सवय असेल आणि दर प्रवेशाला बटण दाबायला माणूस शेजारी असेल, तरच घ्या. पैसे देण्याआधी लेन्सला झाकण लावून, आयएसओ चढवून मिनिटभर रेकॉर्ड करा आणि ते मोठ्या पडद्यावर बघा. एकाच जागी चिकटून राहिलेले पांढरे-लाल ठिपके दिसले तर दुसरा नग शोधा.