बाबांची पद्मिनी: मूळ रूपात की नव्या इंजिनासह?

ताडपत्रीखाली बाबांची जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी उभी आहे आणि ती पुन्हा रस्त्यावर आणायचीच, इथवर घरात एकमत असतं. भांडण पुढे सुरू होतं. आहे तशीच करायची, की बॉडी तीच ठेवून आत मारुतीचं इंजिन आणि एसी बसवायचा? आमच्याकडे हा वाद दोन वर्षं चालला.

नवं इंजिन टाका म्हणणारे काही चुकीचं सांगत नाहीत. मूळचं १०८९ सीसीचं इंजिन जेमतेम चाळीस हॉर्सपॉवरचं. घाट लागला की मागचे हॉर्न सुरू. मे महिन्यात सिग्नलला इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप तापून गाडी बंद पडायची. टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं टाकायचे, ते हौसेने नव्हे. इंजेक्शनवाल्या इंजिनात ही कटकटच नाही.

अडतं ते कागदावर. वेगळ्या बनावटीचं इंजिन टाकायचं तर नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल रोखणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि आरसीत (नोंदणीपत्रात) नोंद नसताना अपघात झाला तर विमा कंपनीच्या हाती आयतं कारण. शिवाय २०२१च्या व्हिंटेज नियमांत ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला वेगळी नोंदणी मिळते. मुख्य अट अशी, चॅसी (खालचा सांगाडा), बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नको. १९७४च्या पहिल्या पद्मिनी आता त्यात बसतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर राहतो. मात्र अशी गाडी रोज फिरवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढंच. रोज ऑफिसला न्यायची असेल तर हा रस्ता तुमचा नाही. खरं तर मग पद्मिनीही तुमची नाही, सेकंडहँड वॅगनआर घ्या.

खर्चाचा हिशेब बहुतेकांचा चुकतो. पैसा इंजिनात नाही, पत्र्यात जातो. कार्पेट उचला, फ्लोअरला स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. आरपार गेला तर काय ते कळलंच. हे काम दोन्ही पर्यायांत सारखंच, म्हणून नवं इंजिन स्वस्त पडतं यात फारसा अर्थ नाही. जुनं इंजिन ठेवलंत तर हेड उतरवल्यावर व्हॉल्व्ह सीट कडक धातूच्या घाला, कारण ही इंजिनं शिशाच्या पेट्रोलच्या काळातली, आणि ते शिसंच सीट झिजू देत नसे. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम इथेनॉल सोसणारे बसवा.

माझं मत मूळ इंजिनाच्या बाजूने. ठिणगीसाठीच्या जुन्या पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोऐवजी अल्टरनेटर मात्र खुशाल बसवा. काढलेले भाग खोक्यात भरून माळ्यावर टाका, उद्या परत लावता येतात.

आणखी एक. गाडी गॅरेजला देण्याआधी काय दुरुस्त करायचं *नाही* त्याची यादी लिहून द्या. आमच्या डॅशबोर्डवर बाबांनी छोटा पंखा बसवायला पाडलेली दोन वाकडी भोकं होती. गॅरेजवाल्याने न विचारता लांबी (पुट्टी) भरून, रंग मारून ती बुजवली. काम इतकं सफाईदार की बोट फिरवूनही जागा लागेना. आई पहिल्यांदा गाडीत बसली, डॅशबोर्डकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पंखा कुठे होता रे?"