कॅरॅव्हॅनचा डिझेल हीटर: 8 किलोवॅटच्या स्टिकरखाली काय निघालं

कॅरॅव्हॅनसाठी डिझेल हीटर घ्यायचा विचार असेल, आणि त्यातही आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडून कोणी घेणार असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. आमचे पैसे बुडाले ते बुडालेच, पण त्या हीटरपायी एका रात्री घरातल्या चारही माणसांच्या जिवावर बेतलं होतं. म्हणून सगळं तपशिलात लिहितो आहे. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे विक्रेत्याचं नाव देत नाही.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात असतो. हीटर विकणारं दुकान इथे नाही आणि तो दुरुस्त करणारा तर नाहीच. त्यामुळे जी काही माहिती मिळते ती फोनवरून आणि व्हिडिओतून, म्हणजे विकणाऱ्याच्याच तोंडून. हे त्यालाही पक्कं ठाऊक असतं. किंमत सांगण्याआधी त्याने आम्हाला पहिला प्रश्न विचारला तो "गाव कुठलं तुमचं?" जळगाव म्हटल्यावर त्याचा सूरच बदलला. थंडीशी या माणसांचा संबंध नाही, हे त्याने तिथेच ओळखलं.

अप्पांची उभी हयात एसटीच्या स्टिअरिंगवर गेली. निवृत्तीनंतर त्यांना हिमालयातले रस्ते बघायचे होते, पण गुडघ्यांमुळे रोज नव्या लॉजचे जिने चढणं शक्य नव्हतं. म्हणून जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि इथल्याच बॉडीबिल्डरकडून आत चार बर्थ, ओटा, पाण्याची टाकी असं सगळं करून घेतलं. पत्र्याच्या आत इन्सुलेशनही चांगलं भरलं. राहिला होता फक्त हीटर.

पर्याय आम्ही सगळे तपासले होते. घरातला 2000 वॅटचा रूम हीटर इन्व्हर्टरवर चालवायचा तर 12 व्होल्टच्या बॅटरीतून 165 अँपिअरच्या वर करंट खेचला जातो. 200 अँपिअर-अवरची बॅटरी तासाभरात बसते. लायटरच्या सॉकेटला लावायचे जे छोटे हीटर ऑनलाइन मिळतात, त्यांच्या तर वाटेलाही जाऊ नका. त्या सॉकेटचा फ्यूज 10-15 अँपिअरचा असतो, म्हणजे 180 वॅटच्या पुढे काही मिळूच शकत नाही. गॅसची उघडी शेगडी बंद गाडीत लावणं म्हणजे मरणाला आमंत्रण. शिवाय गॅसमधलं ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचंच थांबतं. उरतो डिझेल हीटर. त्याची रचना चांगली आहे. टाकीतून एक छोटा पंप टक टक करत थेंबाथेंबाने डिझेल सोडतो, ते बंद भट्टीत जळतं, त्याची हवा बाहेरून येते आणि धूरही बाहेर जातो. गाडीतली हवा फक्त भट्टीच्या तापलेल्या अंगावरून फिरते. वेबास्टो आणि एबरस्पेशर या जर्मन कंपन्या हे हीटर कित्येक वर्षं बनवत आहेत. त्याच धर्तीवरचे चिनी हीटर आता बरेच स्वस्तात मिळतात. त्यातले काही ठीकठाक चालतातही. चिनी माल चिनी म्हणून, त्याच्या खऱ्या क्षमतेसह विकला तर माझी काहीच तक्रार नाही.

आम्हाला जे विकलं गेलं ते "ओरिजिनल जर्मन, 8 किलोवॅट, 5000 मीटरपर्यंत उंचीप्रमाणे आपोआप ॲडजस्ट होणारं" या शब्दांत. फिटिंगसह 62,000 रुपये. पैसे यूपीआयने घेतले, पण खातं दुकानाच्या नावावर नव्हतं, कुणा भलत्याच व्यक्तीच्या नावावर होतं. "आमचं करंट अकाउंट मेंटेनन्सला आहे" हे त्यावरचं उत्तर. बिल आलं ते फिटिंग झाल्यावर, आणि त्यावर एकच ओळ होती: "ऑटो ॲक्सेसरीज, 1 नग". कंपनी नाही, मॉडेल नाही, सीरियल नंबर नाही. बिल बदलून द्या म्हटलं तर "सीए सुट्टीवर आहे". वॉरंटी कार्ड म्हणजे एक झेरॉक्स. सगळी फसवणूक या कागदांतच होती, कारण उद्या भांडायची वेळ आली तर आपल्या हातात हीटर विकल्याचा पुरावाच राहू नये, याची सोय त्याने आधीच करून ठेवली होती.

त्याचा माणूस येऊन हीटर बसवून गेला तो ऑक्टोबरच्या उन्हात. दुपारी अंगणात गाडी उभी करून त्याने चालू करून दाखवला. जाळीतून गरम हवा आली, सगळ्यांनी हात धरून बघितलं. पण जळगावच्या ऑक्टोबरात गरम हवा आली यावरून काय कळणार? बाहेरच 35 अंश असताना 2 किलोवॅट आणि 8 किलोवॅट यांतला फरक तळहाताला कळत नाही. थंडीत तोरणमाळला एक मुक्काम केला. तिथेही तो व्यवस्थित चालला, कारण तोरणमाळची उंची जेमतेम 1,150 मीटर. खरी परीक्षा पुढेच होती.

मार्चअखेर स्पितीला निघालो. त्या दिवसांत कुंझुम खिंड बंद असते, म्हणून शिमला-किन्नौरच्या बाजूने गेलो. कल्प्यापर्यंत सगळं ठीक होतं. नाकोला, साडेतीन हजार मीटरच्या वर, रात्री हीटर लावला तर एक्झॉस्टमधून ओल्या काटक्यांच्या चुलीसारखा धूर. थोडा वेळ चाले, बंद पडे, परत पेट घेई. अप्पांचं डोकं दुखायला लागलं. मग बायकोचं. मुलीला मळमळत होतं. आम्ही सगळे म्हणत होतो की उंचीचा त्रास आहे, पाणी प्या, झोपा.

इथे जरा थांबून वाचा. विरळ हवेने होणारी डोकेदुखी, मळमळ, चक्कर आणि कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेची डोकेदुखी, मळमळ, चक्कर अगदी सारखीच असते. या वायूला रंग नाही, वास नाही. माणूस "उंचीचा त्रास आहे" म्हणून झोपतो आणि उठत नाही.

आमच्या गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म होता. "एवढ्या भारी हीटरला त्याची गरजच नाही" असं विक्रेत्याने सांगितलं होतं, पण बायकोने तो हट्टाने घेतला होता. तो कर्कश वाजायला लागला. पडद्यावर आकडा 110 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 110 भाग, आणि वर सरकत होता. हीटर बंद केला, दारं उघडली, अप्पांना धरून बाहेर काढलं. समोरच्या होमस्टेवाल्या आजींनी एवढ्या रात्री दार उघडलं आणि तंदूरजवळ अंथरुणं घालून दिली. तिकडे खोलीतल्या लाकडाच्या शेगडीला तंदूरच म्हणतात, आणि तिचं धुराडं छपराबाहेर काढलेलं असतं. मोकळ्या हवेत काही वेळाने सगळ्यांची डोकी हलकी झाली. सकाळी गाडी माघारी वळवली. ताबो, काझा राहिलंच.

परत आल्यावर हीटर काढून अजिंठा चौफुलीजवळ डिझेल पंपाचं काम करणाऱ्या नानांकडे नेला. नानांनी उभ्या आयुष्यात हीटर बघितला नव्हता, पण डिझेल किती जातं आणि कसं जळतं हे त्या माणसाला हातानेच कळतं. आधी त्यांनी स्टिकरच्या कोपऱ्याला नख लावलं. "हे पाय भो, याच्या खाली अजून एक कागद आहे." वरचा चकचकीत जर्मन नावाचा कागद सोलला, खालून वेगळंच नाव आणि "2 किलोवॅट" निघालं.

मग त्यांनी पंप सुटा केला. त्याच्या अंगावर बारीक अक्षरात 16 कोरलेलं होतं, म्हणजे हजार ठोक्यांना 16 मिलिलिटर. खात्री करायला औषधाच्या मापाच्या नळीत हजार ठोके मारले. भरलं 16 च. आमच्या कंट्रोलरवर सगळ्यात जास्त वेग दिसायचा तो सेकंदाला 5 ठोके. म्हणजे तासाला 18,000 ठोके, 288 मिलिलिटर डिझेल. एक लिटर डिझेलमध्ये साधारण 10 किलोवॅट-तास उष्णता असते, आणि चांगल्या हीटरमध्ये त्यातला तीन-चतुर्थांशाच्या आसपास भाग गाडीला मिळतो. हिशेब केला तर हा हीटर जीव काढून चालला तरी सव्वादोन किलोवॅटच्या पुढे जाऊ शकत नाही. 8 किलोवॅट हवे तर तासाला लिटरभर डिझेल जळायला हवं. स्टिकरवर काहीही छापता येतं, पण पंपातून जेवढं डिझेल जातं त्यापेक्षा जास्त उष्णता कुठून येणार? हीटर घेताना एवढा एक प्रश्न विचारा: पूर्ण वेगाला तासाला किती डिझेल खातो? जो आकडा सांगत नाही किंवा "8 किलोवॅट आणि फक्त पाव लिटर" असं सांगतो, तो खोटं बोलतो आहे.

खरं तर नीट इन्सुलेशन केलेल्या आमच्याएवढ्या गाडीला 2 ते 4 किलोवॅट पुरतात. गरजेपेक्षा मोठा हीटर कायम मंद आचेवर चालवावा लागतो आणि त्याने भट्टीत काजळी धरते. त्यामुळे 8 च्या जागी 2 निघाले याचं मला तेवढं दुःख नाही. संताप आहे तो दुसऱ्या दोन गोष्टींचा.

पहिली म्हणजे उंचीची. नाकोच्या उंचीवर समुद्रसपाटीच्या मानाने हवा जवळपास एक तृतीयांशाने विरळ असते. डिझेल तेवढंच आणि हवा कमी, मग ते अर्धवट जळतं, काजळी धरते, कार्बन मोनॉक्साइड वाढतो. ज्या हीटरला उंचीचा सेन्सर असतो तो पंपाचे ठोके आपोआप कमी करतो. आमच्या हीटरच्या सर्किटवर तसला कुठलाच सेन्सर नव्हता. भट्टी उघडली तर आत बोटभर काजळी.

दुसरी त्याहून वाईट. एक्झॉस्टच्या सायलेन्सरचा पत्रा नुसता दुमडून दाबलेला होता, शिवण सील केलेलीच नव्हती. नानांनी एक टोक बोळ्याने बंद केलं, दुसऱ्यातून हवा भरली आणि शिवणीवर साबणाचं पाणी टाकलं. जिथून तिथून बुडबुडे. हा सायलेन्सर त्या फिटिंगवाल्याने गाडीच्या बरोबर मधोमध फ्लोअरखाली बांधला होता, आणि पाइपचं टोकही बाजूला बाहेर न काढता तिथेच खाली सोडलं होतं. फ्लोअरला पाडलेल्या भोकाभोवती सीलंट नाही. खालचा सगळा धूर आमच्या बर्थखाली साठत होता. वायरही बारीक वापरली होती. पेटताना ग्लो प्लग, म्हणजे डिझेल पेटवणारी तापती कांडी, 10 अँपिअरच्या आसपास करंट घेते, बारीक वायरीत व्होल्टेज पडतं आणि हीटर पुन्हा पुन्हा पेटायचा प्रयत्न करत धूर ओकतो.

विक्रेत्याला फोटो पाठवले. आधी म्हणाला तुम्ही भेसळीचं डिझेल टाकलं. मग म्हणाला फिटिंग तुमच्या मिस्त्रीने बिघडवली. त्याच्याच माणसाचा फिटिंग करतानाचा व्हिडिओ पाठवला तेव्हा म्हणाला, आम्ही हीटर विकलाच नाही, बिलावर दाखवा. त्यानंतर नंबर ब्लॉक.

पण व्हॉट्सॲपवरचं त्याचं कोटेशन, व्हॉइस मेसेज आणि यूपीआयची पावती आमच्याकडे होती. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली. तिथे विक्रेत्याने हात वर केले, तेव्हा वकिलांकडून नोटीस पाठवून जळगावच्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल केली. विक्रेता दुसऱ्या शहरातला आहे म्हणून गप्प बसणाऱ्यांना सांगतो, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची असते. स्टिकर सोलताना, पंप मोजताना, साबणाचे बुडबुडे येताना नानांनी मला शूटिंग करायला लावलं होतं, ते आता पुराव्यात जोडलं आहे. हीटर मोडीत काढू नका, तोच सगळ्यात मोठा साक्षीदार असतो.

नवा हीटर घेताना आता आम्ही पैशाची गोष्ट सगळ्यात शेवटी काढतो. आधी हीटरच्या पाटीचा सीरियल नंबरासह फोटो मागतो आणि तो नंबर थेट कंपनीला मेल करून विचारतो. किती उंचीपर्यंत चालेल हे मॅन्युअलच्या पानावर दाखवायला सांगतो, तोंडी नाही. बिलावर मॉडेल आणि सीरियल नंबर, पैसे फक्त दुकानाच्या खात्यावर. एवढं मागितल्यावर एका विक्रेत्याने फोनच ठेवला. तो पुन्हा आला नाही याचं समाधान आहे.

आपल्या भागातून सारंगखेड्याच्या यात्रेला, तोरणमाळला अशा गाड्या घेऊन जाणारे आता बरेच दिसतात. तुमच्या गाडीत हीटर आधीच बसवलेला असेल तर या रविवारी गाडीखाली जाऊन तीन गोष्टी बघा: सायलेन्सरची शिवण साबणाच्या पाण्याने, एक्झॉस्टचं टोक गाडीच्या बाजूने बाहेर निघालं आहे का, आणि फ्लोअरचं भोक सील आहे का. धुराचा अलार्म कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही, त्यासाठी वेगळा अलार्म लागतो. तो झोपायच्या उंचीवर लावा. जोवर तो बसवत नाही, तोवर हीटर चालू ठेवून गाडीत कोणालाही झोपू देऊ नका.