ओपनफोमचं एफव्हीडीओएम: बंद भट्टीतल्या प्रारणासाठी काही महिने वापरल्यावर

ओपनफोम हे प्रवाह आणि उष्णतेची संगणकावर गणितं करणारं मुक्त सॉफ्टवेअर. एफव्हीडीओएम हे त्यातलं प्रारणाचं (उष्णतेच्या किरणांचं) मॉडेल: ते किरणांना ठरावीक दिशांत वाटून प्रत्येक दिशेची तीव्रता काढतं. विजेवरची चेंबर भट्टी आणि गॅसवरचा दहनकक्ष, दोन्हींसाठी हे मॉडेल वापरून झालं आहे. पद्धत भरवशाची आहे. मात्र सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या नमुना केसमधून (तयार उदाहरणातून) उचललेल्या सेटिंगवर भट्टीचं डिझाइन करू नका.

नमुन्यात एनफाय ३ आणि एनथीटा ५ असतं; हे दोन आकडे दिशांचे आडवे आणि उभे भाग ठरवतात. त्रिमितीत दिशांची संख्या ४ × एनफाय × एनथीटा, म्हणजे ६०. भिंती मोठ्या आणि साधारण एकाच तापमानाच्या असतील तर तेवढ्या पुरतात. कॉइलसारखा लहान तापलेला स्रोत असला की समोरच्या भिंतीवर उष्णतेचे पट्टे उमटतात. ऊर्जा मोजक्याच दिशांनी धावते आणि मधली जागा कोरडी राहते. हाच रे इफेक्ट.

पट्टे दिसले की बहुतेक जण मेश (जागेचे लहान सेलमध्ये केलेले तुकडे) बारीक करतात, आणि पट्टे आणखी ठळक होतात! कारण जाड मेशवर अपविंड स्कीममुळे (किरण जिकडून येतो तिकडच्या सेलचं मूल्य घेणाऱ्या गणनपद्धतीमुळे) होणारं खोटं विखुरण तेच पट्टे पुसत असतं. म्हणजे दोन चुका एकमेकींना झाकतात. चाय, ली आणि पाटणकर यांनी १९९३ मध्येच हे नीट मांडलं होतं (सुहास पाटणकर पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे). म्हणून आधी दिशा वाढवा, मग मेश, मग पुन्हा दिशा. एनफाय ६ आणि एनथीटा ८ घेतले की १९२ दिशा होतात. १० लाख सेलच्या मेशला नुसती तीव्रता साठवायला ६० दिशांत ४८० एमबी लागतात, १९२ दिशांत दीड जीबी. इतर फील्ड वेगळी.

खऱ्या केसआधी दोन चाचण्या कराच. पहिली: समांतर प्लेट, १००० आणि ५०० केल्विन, दोन्हींची उत्सर्जकता (काळ्या वस्तूच्या तुलनेत प्रारण सोडण्याची क्षमता) ०.८, मध्ये पारदर्शक हवा. उष्णताप्रवाहाचं उत्तर ३५.४ किलोवॅट प्रति चौ. मी. यायला हवं. दुसरी: एकसमान तापमानाच्या वायूचा थर, प्रकाशीय जाडी (शोषणगुणांक गुणिले थराची जाडी) १, भिंती थंड आणि काळ्या. भिंतीवर काळ्या वस्तूच्या उत्सर्जनाच्या ०.७८ पट ऊर्जा यायला हवी. ही चाचणी एकमितीय केसमध्ये करू नका. तिथे दोनच दिशा असतात, भिंतीच्या लंबाशी किरणाच्या कोनाचा सरासरी कोसाइन ०.५ धरला जातो आणि उत्तर ०.८६ येतं. पहिली चाचणी मात्र तिथेही बरोबर उतरते, त्यामुळे फसगत होते. काही आवृत्त्यांत द्विमितीय केस फक्त एक्स-वाय प्रतलात चालते, नाहीतर सॉल्व्हर थांबतो.

चकचकीत भिंतींकडे विशेष लक्ष द्या. उत्सर्जकता ०.१ असेल तर प्रत्येक धडकेत फक्त दहा टक्के ऊर्जा शोषली जाते. दहा धडकांनंतरही ३५ टक्के शिल्लक! मॅक्सइटर (प्रारणाच्या फेऱ्यांची कमाल संख्या) १० ठेवून काळानुसार बदलणारी केस चालवली की भिंतींचं तापमान मागे पडतं. स्थिर अवस्थेत हे आपोआप भरून निघतं, कारण पुढची फेरी मागच्या तीव्रतेपासून सुरू होते. सॉल्व्हरफ्रीक्वेन्सी १० असेल तर प्रारणाचं गणित प्रवाहाच्या दर दहाव्या फेरीलाच सोडवलं जातं, हेही लक्षात असू द्या. शेवटी सगळ्या भिंतींवरच्या क्यूआरची (प्रारणाच्या उष्णताप्रवाहाची) क्षेत्रफळानुसार बेरीज करा. माध्यम पारदर्शक असेल तर ती शून्याजवळ यायलाच हवी.

आत नुसती हवा असेल तर एफव्हीडीओएमचा हट्ट कशाला? व्ह्यूफॅक्टर घ्या; हे मॉडेल कोणत्या पृष्ठभागाला दुसरा किती दिसतो, त्या गुणकांवरून हिशेब करतं. त्यात रे इफेक्ट नाही. फक्त फेस (भिंतीवरचे मेशचे तुकडे) एकत्र करायला विसरू नका: १०,००० फेसची मॅट्रिक्स ८०० एमबी होते, १००० फेसची ८ एमबी. घनाच्या समोरासमोरच्या भिंतींचा गुणक ०.१९९८, लगतच्यांचा ०.२००० येतो का, तपासा. स्मूदिंग ही सेटिंग चालू केली की मॅट्रिक्सच्या प्रत्येक ओळीची बेरीज १ होते, पण ती जबरदस्तीने. म्हणून आधी ती बंद ठेवून तूट किती आहे ते बघा. पी१ हे तिसरं, दिशा न मोजणारं मॉडेल स्वस्त आहे, पण त्याला सावली कळत नाही. ट्रेमागची भिंतही तापलेली दाखवतो. दाट, काजळीभरल्या वायूपुरताच तो ठीक.

दोन मर्यादा अशा, ज्यांवर सेटिंगने इलाज नाही. एफव्हीडीओएममध्ये कणांवरून होणारं विखुरण धरलेलंच नाही, म्हणून कोळशाच्या भुकटीच्या बॉयलरला ते चालणार नाही. अर्धीच भट्टी घेतली तर सममितीच्या पॅचवर (कापलेल्या सीमेवर) तीव्रता शून्य ग्रेडियंटने, म्हणजे शेजारच्या सेलचीच, घेतली जाते, आरशासारखी परतत नाही. मेश दुप्पट झाली तरी भट्टी पूर्णच घ्या.