परदेशी इंजिनिअरचा एम्प्लॉयमेंट व्हिसा: बाणेरच्या कन्सल्टंटचा अनुभव

पुण्याजवळ चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत एचआर बघते मी, आमची मूळ कंपनी कोरियन, त्यामुळे सोलहून कोणी ना कोणी येतच असतं, कधी डायवाले, कधी क्वालिटीवाले. व्हिसाचं काम आम्ही बाहेर देतो. आधीची मोठी एजन्सी सोडून बाणेरच्या एका छोट्या कन्सल्टंटकडे गेलो, त्यांच्याबद्दल लिहायचंय.

आधीची का सोडली ते आधी सांगते. प्रेस शॉपला, म्हणजे पत्र्याचे पार्ट दाबून बनवतात त्या विभागात, वर्षभर राहणारा माणूस, पगार आमच्याकडून, आणि एजन्सीवाला म्हणतो मॅडम बिझनेस व्हिसावर आणा ना, पटकन होतं, सगळे तसंच आणतात. अहो, बिझनेस व्हिसा मीटिंगा, खरेदी-विक्रीची बोलणी यासाठी असतो, रोज लाइनवर उभं राहून नोकरी करायला नाही. 2009 मध्ये बिझनेस व्हिसावर प्रोजेक्टची कामं करणाऱ्यांना सरकारने 31 ऑक्टोबरपर्यंत परत जायला सांगितलं होतं, चिनी कामगार त्यात सगळ्यात जास्त. आणि अडकतो कोण, एजंट नाही, तो माणूस अडकतो, ज्याला इथली भाषा पण येत नाही. असला सल्ला देणाऱ्याकडे मला माणसं सोपवायचीच नव्हती.

बाणेरच्या बाईंनी पहिल्याच मीटिंगला फी-बिचं काही न बोलता कॉन्ट्रॅक्ट मागितलं आणि पेन घेऊन ओळ न ओळ वाचलं. एम्प्लॉयमेंट व्हिसाला वर्षाला 16.25 लाखांच्या वर पगार लागतो. आमच्या माणसाचा हातात येणारा पगार त्याच्या जरा खाली होता, पण फ्लॅट कंपनी देणार होती, आणि कॉन्ट्रॅक्टमध्ये नुसतं 'कंपनी निवासाची सोय करेल' एवढंच होतं. बाई म्हणाल्या, "घर धरता येतं, पण टॅक्सला जेवढं पगारात धरलं जातं तेवढंच, आणि तो आकडा कॉन्ट्रॅक्टमध्ये पाहिजे, नुसतं सोय करेल म्हणून भागत नाही." आम्ही नवीन कॉन्ट्रॅक्ट केलं, रोख पगार वेगळा, घराचा आकडा वेगळा. ही गोष्ट सोलच्या एम्बसीत निघाली असती तर फाइल परत आली असती आणि लाइन सुरू व्हायची तारीख पुढे गेली असती.

दुसरं म्हणजे जस्टिफिकेशन लेटर. इथे सहज मिळणाऱ्या कामासाठी, क्लार्क वगैरे साध्या कामासाठी हा व्हिसा मिळत नाही, म्हणून हाच माणूस का पाहिजे ते कंपनीला लिहून द्यावं लागतं. आमचं लेटर सगळ्यांना लागू पडेल असं होतं, त्यांनी ते परत पाठवलं आणि सरळ आमच्या प्रेस शॉप मॅनेजरला फोन लावला, कुठलं मशीन, कुठला टूल, आपल्या कुठल्या पोरांना हा शिकवणार. त्यातून जे लेटर झालं ते वाचून मला स्वतःला पहिल्यांदा कळलं हा माणूस नक्की काय करणार आहे.

पण खरं काम माणूस उतरल्यावर सुरू होतं, आणि बऱ्याच एजन्सी व्हिसा लागला की गायब होतात. 180 दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा व्हिसा असेल तर आल्यापासून 14 दिवसांत रजिस्ट्रेशन करायचं असतं, 2018 पासून ते ई-एफआरआरओ या परदेशी लोकांच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन होतं, ते ठीक. अडतं ते घरमालकापाशी. परदेशी माणूस राहायला आला की घरमालकाने 24 तासांत त्याची माहिती ऑनलाइन फॉर्म भरून पोलिसांना कळवायची असते, आणि वाकडचे आमचे घरमालक काका पोलीस हा शब्द ऐकूनच घाबरले, म्हणाले दुसरं घर बघा. कन्सल्टंटचा मुलगा संध्याकाळी त्यांच्या घरी गेला, सोफ्यावर शेजारी बसून काकांच्याच फोनवर सगळा फॉर्म भरून घेतला, काकूंनी चहा दिला, विषय मिटला. मी हे कुठल्याच एजन्सीत बघितलं नव्हतं.

पीएफचं पण त्यांनीच आधी सांगितलं. परदेशी कर्मचाऱ्याला महिना 15,000 पगाराची मर्यादा लागत नाही, पूर्ण पगारावर पीएफ कापला जातो. कोरियाबरोबर आपला सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे पेन्शन-पीएफ दोन्ही देशांत कापला जाऊ नये याचा, करार 2011 पासून आहे, त्यामुळे तिकडून पाठवलेल्या माणसाने कव्हरेजचं सर्टिफिकेट, म्हणजे तिकडे त्याची वर्गणी चालू आहे असा दाखला, आणलं की इथे सूट मिळते. विमानात बसायच्या आधीच ते मागवून घेतलं. अमेरिकेशी असा करार नाही, त्यामुळे अमेरिकन माणूस आणणाऱ्यांनी हा खर्च बजेटमध्ये आधीच धरा.

त्याच्या बायकोला इथे कोरियन शिकवायचं होतं, त्यावर बाईंनी स्पष्ट नाही सांगितलं. नवऱ्याबरोबर आलेल्या एन्ट्री व्हिसावर नोकरी चालत नाही, क्लासने तिच्यासाठी वेगळा एम्प्लॉयमेंट व्हिसा करायला हवा. भाषा शिकवणाऱ्यांना ती पगाराची अट नाही, इंग्रजी सोडून, हेही सांगितलं, तेव्हा तिचा चेहरा जरा उजळला.

तक्रारी आहेत. फी जास्त आहे, सरळ जास्त. शनिवारी फोन उचलत नाहीत, आणि चाकणला शनिवारी प्लांट चालू असतो. बिलात सरकारी फी आणि त्यांची फी एकत्र लिहितात, आमच्या अकाउंट्सने ते दोनदा परत पाठवलं. काम देताना कोटेशनमध्येच दोन ओळी वेगळ्या लिहून घ्या, सांगितलं तर देतात.